दवाखान्याचें बोलावणें



आजारी पडल्यावर वैद्याकडे जावें, हें कोणास शिकवावें लागत नाहीं. पोटांत कळ येऊं लागली कीं माणूस आपोआप दवाखान्याची वाट धरतो. परंतु कांहींएक दुखत नसतां दवाखान्यांतून बोलावणें येतें, तेव्हां मात्र घरोघर नवल वाटतें. "धाकट्या मुलास अमुक तारखेस लस टोचण्यासाठीं आणावें," "आजोबांच्या रक्तदाबाची तपासणी या महिन्यांत व्हावयाची आहे," असा मजकूर कार्डावर लिहिलेला असतो किंवा मोबाइलवर येतो, आणि घरांतील मंडळी म्हणतात, "आम्ही तर धडधाकट आहोंत, मग डॉक्टरांस आमची आठवण कां व्हावी?" या प्रश्नाचें उत्तर देणें हाच या पाठाचा विषय आहे.

तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यास लोक हंसतात. वैद्यकांतही विहीर आधींच खणावी लागते. असे अनेक रोग आहेत कीं, ते बळावल्यावर उपाय कठीण व खर्चाचा होतो, आणि त्यापूर्वीं तोच उपाय सोपा व स्वस्त असतो. अडचण इतकीच कीं, त्या वेळीं रोगी आपणांस रोगी समजत नाहीं. म्हणून त्यास वेळेवर आठवण करून देणें हें औषध देण्याइतकेंच दवाखान्याचें काम ठरतें.

आठव्या दिवसाची गोष्ट

ठरल्या दिवशीं परत येण्याचें महत्त्व मुंबईच्या इतिहासांत फार पूर्वीं दिसून आलें. १७९६ सालीं इंग्लंडांत एडवर्ड जेन्नर यांनीं, गाईंस होणाऱ्या सौम्य देवींची लस टोचली असतां माणसास देवीच्या भयंकर रोगापासून संरक्षण मिळतें, हें प्रयोगानें दाखविलें. ती लस थंड पेटींत ठेवून दूरदेशीं पाठविण्याची सोय त्या काळीं नव्हती. म्हणून एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडांतून ती दुसऱ्याच्या दंडांत, अशी हातोहात पुढें नेत. बगदाद व बसरा या मार्गानें ती मुंबईस पोंचली, आणि १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस हिंदुस्थानांतील देवीची पहिली लस टोचण्यांत आली. तिच्या दंडावरील फोडांतून घेतलेली लस मुंबईंतील इतर मुलांस मिळाली आणि तेथून ती देशांत अन्यत्र पसरली.

यांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, तो फोड साधारणपणें आठव्या दिवशीं लस काढण्याजोगा भरत असे. त्या दिवशीं मूल परत आलें तरच पुढील मुलांची सोय होई, आणि टोचणी लागू पडली कीं नाहीं हेंही समजे. मूल आलें नाहीं तर सांखळी तेथेंच तुटे. एका घराची कुचराई अनेक घरांस भोंवे. पुढें लस तयार करण्याच्या व टिकविण्याच्या रीती सुधारल्या, आणि १९८० सालीं देवीचा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें. या यशांत शास्त्रज्ञांचा वांटा आहे, घरोघर जाऊन रोगी शोधणाऱ्या कामगारांचा आहे, आणि मूल कडेवर घेऊन ठरल्या दिवशीं परत आलेल्या असंख्य आयांचाही आहे.

तारीख कां ठरलेली असते?

आजच्या लसीकरणाच्या कार्डावर जन्माची वेळ, सहा, दहा व चौदा आठवडे, नऊ महिने, अशा वेळा छापलेल्या असतात. त्या कोणीं मनास येईल तशा घातलेल्या नाहींत. आईच्या शरीरांतून बाळास कांहीं रोगनिवारक द्रव्यें जन्मतःच मिळालेलीं असतात. गोंवराची लस फार लवकर दिली तर तींच द्रव्यें तिला निष्फळ करूं शकतात. फार उशीर केला तर तीं ओसरून गेल्यामुळें बाळ उघडें पडतें. म्हणून आपल्या देशांत गोंवर व रुबेला यांच्या लशीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात.

घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांच्या लशीचें कारण निराळें आहे. पहिली मात्रा शरीरास शत्रूची ओळख करून देते. पुढील मात्रा ती ओळख पक्की करितात. एकदां वाचलेला धडा उजळणीवांचून किती दिवस टिकतो, हें तुम्हां विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. शरीरासही तशीच उजळणी लागते. त्यासाठींच दहाव्या व सोळाव्या वर्षीं धनुर्वात व घटसर्प यांची लस पुन्हां देतात. हीं दोन्ही वर्षें शाळेंतील आहेत, हें पालकांनीं विशेष ध्यानांत धरावें. कारण बाळपणीं जपून ठेवलेलें कार्ड मूल शाळेंत जाऊं लागलें कीं बहुधा पेटीच्या तळाशीं जातें. धनुर्वाताचे जंतु तर मातींत असतात. शेजाऱ्यानें लस घेतली म्हणून आपलें रक्षण होत नाहीं.

एखादी तारीख चुकलीच, तर संकोचानें घरीं बसूं नये. कार्ड घेऊन दवाखान्यांत जावें. बहुतेक लशी पहिल्यापासून पुन्हां सुरू कराव्या लागत नाहींत. राहिलेल्या मात्रा पुढें देतां येतात.

बरें वाटणें आणि बरें होणें

दुसऱ्या प्रकारचें बोलावणें चालू असलेल्या उपचाराचें असतें. याचें सर्वांत मोठें उदाहरण क्षयरोगाचें. २४ मार्च १८८२ रोजीं रॉबर्ट कॉख यांनीं क्षयाच्या जंतूचा शोध बर्लिन येथें जाहीर केला. परंतु त्यावर खात्रीचीं औषधें हातीं यावयास पुढें साठांहून अधिक वर्षें लागलीं. आज साध्या क्षयास सहा महिन्यांचा उपचार पुरतो. पहिले दोन महिने चार औषधें व पुढील चार महिने तीन, असा त्याचा क्रम असून सरकारी आरोग्य केंद्रांत तीं विनामूल्य मिळतात.

औषध सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते, वजन वाढूं लागतें. रोगी म्हणतो, "आतां मी बरा झालों; रोज इतक्या गोळ्या कशाला?" खरा धोका याच वेळीं असतो. बहुतेक जंतु मेले तरी कांहीं मंद वाढणारे जंतु शरीरांत दडून राहिलेले असतात. औषध सोडतांच ते पुन्हां डोकें वर काढतात; आणि अर्धवट उपचारांतून तगलेल्या जंतूंवर पुढें तींच औषधें चालेनाशीं होण्याचें भय असतें. मग उपचार लांबतो, आणि तोच हट्टी रोग घरांतील लेंकरांसही जडूं शकतो. म्हणून तिसऱ्या महिन्यांत दवाखान्यांतून येणारी "औषध सोडूं नये" ही एक ओळ सबंध कुटुंबाच्या हिताची आहे. तसेंच, दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ खोकला टिकला, तर थुंकी तपासून घेण्यास विलंब करूं नये.

मुके रोग

तिसरें बोलावणें तपासणीचें असतें. उच्च रक्तदाब हा बहुधा मुका रोग आहे. वरचा आंकडा १४० किंवा खालचा ९० झाला, आणि पुन्हां मोजूनही तो तसाच वर राहिला, तरी माणूस हिंडतो, फिरतो, शेतांत राबतो. त्यास कांहीं जाणवत नाहीं. आंतून मात्र मेंदू, हृदय व मूत्रपिंडें यांच्या रक्तवाहिन्यांवर ताण पडत असतो, आणि एके दिवशीं अर्धांगवायूचा झटका येतो. मधुमेहाचें असेंच आहे. डोळ्याच्या आंतील पडद्यावर त्याचा परिणाम दृष्टि अधू होण्यापूर्वींच सुरू होऊं शकतो. म्हणून मधुमेह असणाऱ्यानें वर्षांतून एकदां डोळे तपासून घ्यावेत, आणि पायास जखम झाली नाहीं ना, हें रोज पाहावें. जेवणांत मीठ बेताचें ठेवणें, रोज चालणें, तंबाखू वर्ज्य करणें, ही दवाखान्याची नेहमींची शिकवण याच मुक्या रोगांसाठीं आहे.

पायीं चालत येणारी आठवण

कोणी म्हणेल, कार्ड पाठविलें तरी जो येत नाहीं त्याचें काय करावें? याचें उत्तर जामखेडनें दिलें आहे. त्या वेळच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील या अवर्षणग्रस्त तालुक्यांत डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं ग्रामीण आरोग्याचें कार्य आरंभिलें. दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. केवळ रुग्णालय बांधून बसल्यानें खेड्यांतील आजार हटणार नाहींत, हें त्यांनीं ओळखलें. गांवोगांवच्या स्त्रिया निवडून त्यांस आरोग्यसेविका म्हणून शिक्षण दिलें. त्यांतील पुष्कळजणींनीं शाळेचें तोंडही पाहिलें नव्हतें. त्या जामखेडला येऊन शिकत व गांवीं परत जाऊन घरोघर हिंडत: मुलांचें वजन करीत, गरोदर स्त्रियांची विचारपूस करीत, क्षयाचें व कुष्ठाचें औषध नियमित घेतलें जातें कीं नाहीं हें पाहत. थोड्याच वर्षांत त्या गांवांतील बालमृत्यूचें प्रमाण निम्म्याहूनही खालीं आलें. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. २००५ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतून गांवोगांव आलेल्या 'आशा' ताईही हेंच काम करितात.

यांतून एक गोष्ट शिकावी. न येणारा मनुष्य प्रत्येक वेळीं आळशी असतो असें नव्हे. कोणाची दिवसाची मजुरी बुडते, कोणास एस.टी.चें भाडें जड जातें, कोणास सुईचें भय वाटतें, कोणास तो मजकूर वाचतांच येत नाहीं. दाराशीं येऊन विचारणारें माणूस ही अडचण जाणूं शकतें आणि ती दूरही करूं शकतें.

घरीं करावयाचा अभ्यास

आतां तुमच्याकडे येऊं. पुष्कळ घरांत दवाखान्याचा संदेश प्रथम तुमच्याच हातीं पडतो, कारण आजीला अक्षर लागत नाहीं आणि बाबा कामावर असतात. अशा वेळीं तो संदेश तुमच्या हातीं अडकून पडूं नये. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात:

१. आपलें लसीकरणाचें कार्ड शोधून काढावें आणि दहाव्या व सोळाव्या वर्षींची लस झाली आहे कीं नाहीं, हें आईवडिलांबरोबर पाहावें.

२. घरांतील सर्वांच्या तपासणीच्या तारखा भिंतीवरील दिनदर्शिकेंत लाल शाईनें लिहाव्यात.

३. संदेश वडील मंडळींस मोठ्यानें वाचून दाखवावा. तारीख, वेळ व बरोबर नेण्याचे कागद हीं तीन अंगें विशेष सांगावीं.

४. कोणाच्या आजाराची वार्ता शाळेंत किंवा आळींत सांगत बसूं नये. दवाखान्याचा कागद हा विश्वासानें दिलेला असतो.

५. अनोळखी ठिकाणाहून मोबाइलवर आलेला औषधोपचाराचा सल्ला दवाखान्याचा समजूं नये. शंका आल्यास प्रत्यक्ष जाऊन विचारावें.

टळलेला रोग कोणाच्या डोळ्यांस दिसत नाहीं. जी आजी वेळेवर तपासून घेतल्यामुळें अंथरुणास खिळली नाहीं, तिच्याविषयीं गांवांत चर्चा होत नाहीं. ती नेहमींप्रमाणें अंगणांत बसून शेंगा सोलते, एवढेंच. तें साधें सुख घराघरांत नांदावें, म्हणून पुढच्या वेळीं दवाखान्याचें बोलावणें आलें तर कागद बाजूस न ठेवतां आधीं तारीख पाहावी, आणि त्या दिवशीं आजीचा हात धरून तिला घेऊन जावें.