पुस्तकांच्या कपाटातली डांबरगोळी

ज्या घरात पुस्तकं आणि कुत्री एकत्र नांदतात, त्या घरात डांबरगोळी असू नये. हे एवढंच सांगण्यासाठी मी लिहायला बसले आहे. वाचणाऱ्या माणसांच्या घरात ती हमखास असते, आणि तीही पुस्तकांवरच्या प्रेमापोटी ठेवलेली.

आमच्याकडे दोन कुत्री आहेत. गुंड्या आता म्हातारा झालाय. बकुळी तरुण आहे, रस्त्यावरून आलेली गावठी. मी दुपारी वाचायला बसले की गुंड्या पायाशी आडवा होतो आणि बकुळी पाठीला पाठ लावून पडते. पान उलटल्याच्या आवाजाने त्यांचे कानही हलत नाहीत, पण पुस्तक मिटलं की दोघं ताडकन उठतात, कारण त्यानंतर फिरायला जायचं असतं हे त्यांना ठाऊक आहे. माझ्या वाचनाला या दोघांच्या श्वासांची इतकी सवय झाली आहे की बाहेरगावी एकटीने वाचताना मन लागत नाही.

ओळखीतल्या एका सरांच्या माघारी त्यांच्या घरच्यांनी त्यांचा संग्रह मला दिला. ‘सत्यकथा’चे आणि ‘किर्लोस्कर’चे बांधीव खंड, जुने दिवाळी अंक, खोकीच्या खोकी. सरांनी सगळं जिवापाड जपलं होतं. प्रत्येक थरात जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली डांबरगोळ्यांची पुरचुंडी होती. मी एकेक खंड पुसून मांडत असताना बकुळीने खोक्याच्या तळातली एक पुरचुंडी पळवली आणि पलंगाखाली नेऊन फोडली. मला कळलं ते तिच्या तोंडाला आलेल्या वासाने.

शेजारच्या काकू कळवळून म्हणाल्या, “दूध पाज गं तिला, विष उतरेल.” आपल्याकडे हा सल्ला पहिला मिळतो. डांबरगोळीच्या बाबतीत तो घातक आहे. डांबरगोळीतलं नॅप्थलीन पाण्यात फारसं विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. त्यामुळे दूध, तूप, तेलकट काहीही पोटात गेलं की ते अंगात जास्त भिनतं. मीठ कोंबून उलटी काढणं त्याहून वाईट, कारण त्या मिठाचीच कुत्र्याला विषबाधा होऊ शकते. सुदैवाने फोनवर आमच्या पशुवैद्यांनी दोन्ही गोष्टींना ताबडतोब मनाई केली आणि उरलेल्या गोळ्या डबीत घालून घेऊन यायला सांगितलं.

गोळ्या कशाला, ते तिथे गेल्यावर समजलं. बाजारात सुट्या मिळणाऱ्या पांढऱ्या गोळ्या कधी नॅप्थलीनच्या असतात, कधी पॅराडायक्लोरोबेंझिनच्या, कधी कापराच्या. नॅप्थलीन साध्या पाण्यात बुडतं, पण मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालून केलेल्या पाण्यात तरंगतं. पॅराडायक्लोरोबेंझिन दोन्हींत बुडतं, कापूर दोन्हींत तरंगतो. आमची गोळी साध्या पाण्यात बुडाली आणि मिठाच्या पाण्यावर तरंगली, म्हणजे नॅप्थलीनचीच. तिन्ही प्रकार कुत्र्याला वाईटच, पण नॅप्थलीन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. त्याला नेमका उतारा नाही. सलाइन, पोट साफ करणं, पुनःपुन्हा रक्त तपासणं आणि लक्ष ठेवणं, हाच उपचार.

आणि इथेच लोक फसतात. गोळी पोटात हळूहळू विरघळते, म्हणून पहिल्या दिवशी कुत्रं खेळतं, जेवतं. त्रास दोन-तीन दिवसांनीही दिसू शकतो. हिरड्या फिकट किंवा तपकिरी झाल्या, लघवी गडद झाली, कुत्रं जिना चढायला कंटाळू लागलं, तर एक तासही घरी थांबू नये. बकुळीला उलट्या झाल्या, खाणं सुटलं, रक्त थोडं उतरलं, पण वेळेत नेल्यामुळे ती सावरली. त्या रात्री मी तिच्याजवळ बसून मोठ्याने वाचत राहिले. तिला काय समजलं ते तिलाच ठाऊक, पण आवाज थांबला की ती डोळे उघडायची.

कुत्री पुस्तकांच्या वाटेला जातात ती खोडसाळपणाने जातात, असं मला वाटत नाही. जुनी बांधणी खळीची आणि सरसाची. खळ पिठाची, सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा, कोपऱ्यांना चामडं. शिवाय पानापानाला आपल्या हातांचा वास. कुत्र्याच्या नाकाला हे सगळं खाण्यासारखंच. जॉन स्टाइनबेकच्या टोबी नावाच्या पिल्लाने १९३६ साली ‘ऑफ माइस अँड मेन’च्या पहिल्या खर्ड्याचा निम्मा भाग फाडून टाकला होता, आणि लेखकाने त्याला फार मोठी शिक्षा केली नाही. मला तो माणूस त्यासाठी आवडतो. पण आपल्याकडे आणखी एक धोका असतो. कसर लागू नये म्हणून बांधणीवाले खळीत मोरचूद मिसळतात. मोरचूद पोटात गेलं तर उलट्या होतात आणि यकृतालाही इजा होते. म्हणून जुने बांधीव खंड कुत्र्याचं तोंड पोचेल अशा खालच्या फळीवर ठेवूच नयेत.

मग पुस्तकं राखायची कशी? कसरीला दमट अंधार लागतो, तो तिला मिळू द्यायचा नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं, पुस्तकं कोंबून भरू नयेत, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर सगळी उतरवून झटकावीत, सावलीत वाऱ्यावर ठेवावीत. कडक उन्हात नको, कागद पिवळा पडतो. कीड लागलेलं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये निदान दोन आठवडे ठेवावं. बाहेर काढल्यावर पुस्तक घरातल्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर पानांवर पाणी धरतं. कडुनिंबाचा सुका पाला वरच्या फळ्यांवर चालतो, पानांच्या मध्ये नको, डाग पडतात. वेखंड वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी आहे असं समजू नये, तेही उंचावरच. वाळवीची फवारणी करून घ्यायची असेल तर ती पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्यांना दुसऱ्या घरी ठेवावं.

वाचताना आपण काय खातो, तेही पाहावं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, बिनसाखरेचं च्युइंगगम, हे वाचणाऱ्याच्या उशाशी असणारे पदार्थ कुत्र्याला बाधतात. द्राक्षं-मनुकांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर ते होईल हे आधी सांगता येत नाही. गोष्टीत बुडालेल्या माणसाचा हात वाटीकडे आपोआप जातो, आणि वाटी कधी रिकामी झाली हे त्याला कळत नाही. म्हणून वाटी मांडीवर घ्यावी, खाली ठेवू नये.

पशुवैद्यांचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा फोन नंबर आजच लिहून ठेवा. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असतं. आपल्या गावात असं काय आहे, ते वेळ येण्याआधी विचारून घ्या. आणि कपाट उघडून मागच्या कोपऱ्यापर्यंत हात घाला. डांबरगोळ्या सापडल्या तर घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करून, वर चिठ्ठी लावून, घातक कचऱ्यात वेगळ्या द्या. ओल्या-सुक्याच्या बादलीत टाकू नका. तोच कचरा रात्री रस्त्यावरची कुत्री उकरतात.