शंखजिरे घातलेल्या प्लॅस्टिकचे उष्णतेतील आयुष्य



पॉलिप्रॉपिलीनमध्ये २० ते ४० टक्के टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची भुकटी, मिसळली की माल ताठ होतो आणि भाराखाली वाकण्याचे तापमान वाढते. मोटारींचे कितीतरी भाग याच मिश्रणाचे असतात. पण उष्णतेत न वाकणे वेगळे आणि उष्णतेत वर्षानुवर्षे टिकणे वेगळे. पहिला गुण टाल्क देतो, दुसरा तो बहुधा कमी करतो. कंपाउंडिंगच्या, म्हणजे प्लॅस्टिकमध्ये असे पदार्थ मिसळण्याच्या, कामात नव्याने उतरणाऱ्याने हा भेद सर्वांत आधी मनात पक्का करावा.

पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीत एकाआड एक कार्बनवर मिथाइल गट असतो. त्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज सुटतो, तिथे ऑक्सिजन जोडला जातो आणि हायड्रोपेरॉक्साइड तयार होते. ते फुटले की नवे मुक्त मूलक निर्माण होतात, साखळ्या तुटत जातात आणि माल ठिसूळ होतो. फिनॉलिक अँटिऑक्सिडंट हे मूलक पकडतात, तर थायोएस्टर हायड्रोपेरॉक्साइडच निकामी करतात.

टाल्क या संरक्षणाला दोन बाजूंनी धक्का देतो. त्याच्यासोबत आलेले लोह हायड्रोपेरॉक्साइडचे विघटन वेगाने घडवते. स्फटिकात मॅग्नेशियमच्या जागी घट्ट बसलेले लोह तुलनेने निरुपद्रवी असते. खरा उपद्रव कणांच्या पृष्ठभागावरच्या, हाताशी मोकळ्या असलेल्या लोहाचा. त्यामुळे पृथक्करणातला एकूण लोहाचा आकडा किंवा भुकटीची शुभ्रता पाहून खाणीची निवड करणे धोक्याचे आहे. दुसरी बाजू अधिक फसवी आहे. अँटिऑक्सिडंटचे ध्रुवीय रेणू कणांच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. सूत्रात मात्रा पुरेपूर दिसते, प्रत्यक्षात पॉलिमरच्या वाट्याला कमी येते. भुकटी जितकी बारीक, तितका पृष्ठभाग मोठा आणि तितकी ही गळती जास्त. नुसती मात्रा वाढवणे हा महागडा उपाय. थोडे इपॉक्सी रेझिन घातले तर ते कणांवरच्या या जागा आधीच अडवते, आणि धातूला बांधून ठेवणारे डीअॅक्टिव्हेटर लोहाला आवर घालते.

टाल्कच्या तुलनेत स्टिअरिक अॅसिडचे लेपन असलेले कॅल्शियम कार्बोनेट सहसा कमी त्रासदायक ठरते. पीव्हीसीत तर ते सुटणारे हायड्रोजन क्लोराइड शोषून मदतच करते.

तपासणीसाठी आयएसओ ४५७७ ची भट्टी-पद्धत आहे. १५० अंश सेल्सिअस हे तिचे रूढ तापमान. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६५ अंशांना वितळते, म्हणून त्यावरच्या तापमानाचे निष्कर्ष घन वस्तूच्या आयुष्याला लावू नयेत. ऑक्सिडेशन इंडक्शन टाइमची चाचणी मिनिटांत होते, पण ती वितळलेल्या अवस्थेतली असते. आवकेवर नजर ठेवायला ती चांगली, आयुष्याचा दावा करायला अपुरी. तेच स्टॅबिलायझर, म्हणजे अँटिऑक्सिडंट वगैरे, घातलेला, पण टाल्क नसलेला नमुना भट्टीत शेजारी ठेवावा. तो नसेल तर दोष टाल्कचा की स्टॅबिलायझरचा, हे ठरवता येत नाही. खाण किंवा पुरवठादार बदलला की ही जोड-चाचणी नव्याने लावावी.