‘बहाल करणे’ : एका क्रियापदाचा पाठ

काही वर्षांपूर्वी आमच्या पेढीवरून चंद्रपूरच्या एका आडत्यास पत्र गेले. मजकूर असा होता : ‘आमचे मुनीमजी यांस आजपासून बहाल केले आहे, तरी पूर्वीप्रमाणे हिशोब त्यांचेकडेच द्यावा.’ दोन दिवसांनी उत्तर आले, ‘हिशोब देतो, परंतु शेठजी, मुनीमजींस बहाल काय केले?’

पेढीवर हसू उसळले. पुढे विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की चूक आडत्याची नव्हती, आमची होती. मराठी व्याकरणाप्रमाणे त्याचा प्रश्न बिनतोड होता.

आमच्या मंचेरियलची भाषिक स्थिती वाचकांस ठाऊक आहेच. घरात मारवाडी किंवा गुजराती, बाजारात तेलुगु, निजामी अमदानीतील जुन्या दस्तऐवजांत उर्दू, आणि रेल्वेने बल्लारशाकडे किंवा प्राणहितेपलीकडे व्यवहार करावयाचा तर मराठी. अशा ठिकाणी एकच शब्द दोन भाषांत दोन वाटांनी चालत असतो, आणि लिहिणारास त्याची वार्ताही नसते.

‘बहाल’ हा शब्द फारसीतून आला. ‘ब’ म्हणजे सह किंवा मध्ये, आणि ‘हाल’ म्हणजे स्थिती. होता त्या स्थितीत, असा त्याचा अर्थ. त्याचा जोडीदार ‘बडतर्फ’. मूळ फारसी ‘बरतरफ’, म्हणजे बाजूस सारलेला. एक शब्द मनुष्यास बाजूस करतो, दुसरा त्यास जागेवर आणतो. उर्दू-हिंदीने ही जोडी अद्याप राखली आहे. तेथे मनुष्यच बहाल होतो. मराठीने बडतर्फ तसाच ठेवला, परंतु ‘बहाल’ दानाच्या अर्थाकडे वळला. विद्यापीठाने पदवी बहाल केली, सरकारने अधिकार बहाल केले, अशी वाक्ये आपण रोज वाचतो. या वाक्यांत बहाल होते ती वस्तू. मनुष्य केवळ घेणारा. म्हणून ‘मुनीमजींस बहाल केले’ हे वाक्य मराठी कानास अपुरे वाटते.

मग मराठीत लिहावे कसे? ‘मुनीमजींस कामावर परत घेतले’ हे साधे आणि निर्दोष. ‘पूर्वपदावर घेतले’ हे अधिक नेमके, कारण त्यात पदही परत मिळाल्याची ग्वाही आहे. ‘मुनीमजी पुन्हा रुजू झाले’ यात कर्ता बदलतो. येणारा स्वतः येतो, आणणारा दिसत नाही. (रुजू या शब्दाच्या मुळाशी अरबीत ‘परतणे’ हाच अर्थ आहे. आज मात्र पहिल्या दिवशी नोकरीस लागणाराही ‘रुजू’च होतो. आपल्या वहीतील ‘रुजवात’ याच घराण्यातली.) ‘पुन्हा कामावर ठेवले’ असेही पुष्कळ लिहितात. ते का टाळावे, हे पुढे सांगतो.

नियमांच्या बाबतीत क्रियापदे निराळी. नियम परत घेतला म्हटले तर तो रद्द झाला, असाच उलटा अर्थ निघेल. ‘तीस दिवसांच्या उधारीचा नियम येत्या पाडव्यापासून पुन्हा लागू केला आहे’ असे लिहावे. कायद्याच्या मराठीत ‘पुनरुज्जीवित करणे’ येते, आणि तेथे फार दक्षता बाळगली जाते. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाप्रमाणे, रद्द झालेला केंद्रीय कायदा पुन्हा जिवंत करावयाचा असल्यास तसा हेतू स्पष्ट शब्दांत सांगावा लागतो. रद्द करणारा कायदा रद्द केल्याने जुना आपोआप उठून बसत नाही. वस्तू-सेवा कराची नोंदणीही याच वर्गातली. रद्द झालेली नोंदणी पूर्ववत करून घेण्यासाठी अर्जाची मुदत १ ऑक्टोबर २०२३ पासून नव्वद दिवसांची आहे. ‘नोंदणी पूर्ववत झाली’ म्हणजे जुना क्रमांक चालू झाला. ‘नवी नोंदणी घेतली’ म्हणजे जुन्या क्रमांकाचे काय झाले ते वेगळे पाहावे लागेल. पत्रात या दोहोंची गल्लत करू नये.

मनुष्याच्या बाबतीत तर भेद याहून सूक्ष्म आहे, आणि तो आपल्या शास्त्रकारांनी पूर्वीच केलेला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात प्रायश्चित्ताचे नऊ भेद सांगितले आहेत. त्यांतील शेवटचे तीन छेद, परिहार आणि उपस्थापना. छेदात साधूच्या दीक्षेचा काही काळ कापला जातो. तो संघातच राहतो, पण ज्येष्ठतेत खाली येतो. परिहारात काही काळ संघापासून दूर ठेवतात. उपस्थापनेत दीक्षाच नव्याने दिली जाते, म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. परत येणारास कोणत्या दिवसापासून मोजावे, हा प्रश्न येथे किती काटेकोरपणे सोडविला आहे! सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतील ‘स्थितिकरण’ मात्र श्रावकांसही सांगितलेले आहे; मार्गावरून ढळणारास पुन्हा स्थिर करणे, असा त्याचा आशय. तेथे हिशोबाची भाषा नाही.

न्यायालयांतही हाच प्रश्न येतो. महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने या क्रियापदाचा अर्थ शब्दकोश उघडून पाहिला. अन्यायाने काढलेल्यास पूर्वपदावर घेताना सेवा अखंड धरणे आणि मधला पगार देणे हा सामान्य नियम होय, असे सांगितले. आपल्या तेलंगणातील २०१९ चा एसटी संप सर्वांस स्मरत असेल. ५ ऑक्टोबरपासून बावन्न दिवस सुमारे अठ्ठेचाळीस हजार कामगार बाहेर होते. कामगारांनी स्वतःच नोकरी सोडली, असे सरकार म्हणत होते. २८ नोव्हेंबरला मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्या दिवसापासून कामावर येण्यास सांगितले, आणि १ डिसेंबरला संपकाळाचे वेतनही देण्याचे जाहीर केले. २९ तारखेस कामगार ‘रुजू’ झाले खरे. परंतु ते ‘पूर्ववत’ झाले, असे म्हणता आले ते त्या वेतनाच्या घोषणेनंतर.

आता आमच्या मुनीमजींकडे वळतो. रोजमेळात तूट आली होती. संशय त्यांजवर गेला आणि आम्ही त्यांस घरी बसविले. दीड महिन्याने ती रक्कम खतावणीत दुसऱ्याच एका खात्यावर पडलेली सापडली. लिहिण्यात चूक आमच्याच घरच्या मुलाची होती. आम्ही स्वतः त्यांचे घरी गेलो, क्षमा मागितली, आणि ते आले. परंतु हजेरीपुस्तकात मुलाने ओळ लिहिली, ‘आजपासून पुन्हा कामावर ठेवले’, आणि नेमणुकीच्या रकान्यात त्या दिवसाची तारीख घातली.

मुनीमजींनी ते वाचले. म्हणाले, ‘शेठजी, ठेवतात ते नव्या माणसाला. माझी बावीस वर्षे कोणत्या पानावर गेली?’

प्रश्न मानाचा होताच, पण पैशाचाही होता. ग्रॅच्युइटी सलग सेवेवर मोजली जाते. त्या एका ‘ठेवले’ने, कोणाच्या मनात नसताना, बावीस वर्षांच्या सेवेत खंड पडला होता. जो दोषी नव्हता त्यास आम्ही जणू नव्याने दीक्षा घ्यावयास लावीत होतो.

आम्ही ती ओळ खोडली आणि खाली आमच्या हाताने लिहिले : ‘मुनीमजी यांस पूर्वपदावर परत घेतले. सेवा अखंड. मधल्या दीड महिन्याचा पगार त्यांचे खाती जमा.’ नेमणुकीच्या रकान्यात जुनी तारीख पुन्हा घातली. चंद्रपूरच्या आडत्यासही त्याच शब्दांत दुसरे पत्र पाठविले. त्याचा मसुदा मुनीमजींनीच केला, आणि त्यात ‘बहाल’ हा शब्द नव्हता.