वाचनालयाच्या ओसरीवर हळदीचा कागद

आईबाबांनो, मुलांना विज्ञानाची गोडी लागावी म्हणून आपण शिबिरांच्या फिया भरतो, खोक्यावर रोबोट छापलेलं किट मागवतो. दोन संध्याकाळी खेळून झालं की ते माळ्यावर जातं. आज मला तुमच्याशी बोलायचंय ते जवळच्या वाचनालयाबद्दल. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला, आणि आज शासनमान्य ग्रंथालयं दहा हजारांहून अधिक आहेत. तिथे वर्तमानपत्रांचं टेबल असतं, स्पर्धा परीक्षावाल्यांची अभ्यासिका असते, 'शांतता राखा' ही पाटी तर असतेच. तिथेच मुलांना आठवड्यातून तासभर हातानं काहीतरी करू द्यावं, एवढंच माझं म्हणणं.

हळदीचंच घ्या. थोड्या पाण्यात कालवून टिपकागदाला फासायची, वाळवून पट्ट्या कापायच्या. साबणाचं पाणी लागलं की पट्टी लाल होते, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. चुन्याच्या निवळीनंही लालच. (चुना मोठ्यांनीच हाताळायचा, डोळ्यांत गेला तर घात होतो.) पेपर वाचायला आलेल्या एखाद्या आजी सांगतील की पूर्वी हळदीत चुना मिसळूनच कुंकू करायचे. मग एखादी चुणचुणीत पोर विचारेल, "लिंबानं रंग जातो, तर घामानं कुंकू पिवळं का नाही होत?" मला विचाराल तर मीही कपाटाकडे बोट दाखवीन. वाचनालयाची गंमत हीच आहे. शाळेत अशा प्रश्नावर तास संपल्याची घंटा होते, घरी आपण मोबाइल पुढे करतो. इथे पुस्तक चार पावलांवर असतं, आणि शोधायला कुणालाच घाई नसते. मार्क तर नसतातच.

साहित्य फारसं लागत नाही. अरविंद गुप्ता यांनी आयुष्यभर टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत. स्ट्रॉचं टोक चपटं करून दोन्ही बाजूंनी तिरकं कापलं की पिपाणी होते. ती वाजवता वाजवता दुसरं टोक कात्रीनं कापत गेलं की स्वर चढत जातो. अभ्यासिकेतली मंडळी वैतागतील, म्हणून ओसरी बरी. रंग-पाण्याचा खेळही पुस्तकांपासून लांबच.

पावसाळ्यात गोगलगायी आणि शेवाळ, उन्हाळ्यात झाडावरून टुकटुक करणारा तांबट. आवारात एक झाड असलं तरी निरीक्षणाला पुरतं. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षिगणना होते. किमान पंधरा मिनिटं थांबायचं, दिसलेले पक्षी मोजून नोंद पाठवायची. साळुंकी आणि कावळे मोजले तरी चालतात! मग मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' उघडण्याला कारण मिळतं. एरवी असे ग्रंथ जाडीला घाबरूनच कुणी हातात घेत नाही.

पुस्तकांच्या घरात विज्ञानाचं काय काम, असं वाचनालयाच्या समितीतलं कुणी विचारलंच, तर पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा दाखला द्या. तिथल्या मुलांच्या विज्ञानकेंद्राची 'पुलस्त्य' ही इमारत लेखक पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ मिळालेल्या देणगीतून उभी राहिली.

एक मात्र करा. हे काम ग्रंथपालांच्या गळ्यात घालू नका. लहान वाचनालयांत त्यांचं मानधन तुटपुंजं असतं आणि देवघेवीपासून झाडलोटीपर्यंत सगळं त्यांनाच पाहावं लागतं. पाळी पालकांनी लावायची, सामान आणायचं, शेवटी फरशीही पुसायची. ग्रंथपालांकडे मागायचं ते ओसरी आणि बालविभागाच्या कपाटाची किल्ली. कपाट उघडं हवं, नाहीतर सगळा खटाटोप फुकट.

आणि मुलाच्या हातातली कात्री काढून घेऊ नका. पट्टी वाकडी कापली तरी हळद लालच होणार. घरी जाताना "आज काय शिकलास?" असंही विचारू नका; सांगायचं असेल तर तो रात्री जेवताना सांगेल, तेही तुम्ही दुसऱ्याशी बोलत असताना.

पहिल्या रविवारी गर्दी होईल, तिसऱ्या रविवारी चारच पोरं येतील. त्यात शेजारच्या बांधकामावरच्या मजुराची मुलगी असेल, जिचं वाचनालयात खातं नाही. तिला बसू द्या, आणि त्याच दिवशी तिच्या नावाची वर्गणी चौघांत मिळून भरून टाका.