एका गोलाचा हिशेब

आइसलँड हे उत्तर अटलांटिक महासागरातील बेटराष्ट्र. २०११ साली तेथील लोकसंख्या सव्वातीन लाखांहूनही कमी होती. हिवाळा दीर्घ व कडक. म्हणून २००० सालापासून तेथे फुटबॉलसाठी आच्छादित क्रीडागृहे उभारण्यात आली. लहान मुलांनाही प्रशिक्षित मार्गदर्शक लाभले. २०११ साली डेन्मार्कमध्ये एकवीस वर्षांखालील संघांची युरोपीय स्पर्धा भरली. तिच्या अंतिम टप्प्यात आइसलँड प्रथमच उतरला.

बेलारूस व स्वित्झर्लंड या दोघांकडून तो ०-२ असा हरला. तरीही न खचता त्याने यजमान डेन्मार्कला ३-१ असे नमविले. डेन्मार्कने बेलारूसला २-१ असे हरविले होते. गटात स्वित्झर्लंड पहिला आला; उरलेल्या तिघांचे गुण समान झाले. तेव्हा या तिघांच्या परस्परांतील सामन्यांचा गोलफरक पाहण्यात आला : बेलारूस अधिक एक, आइसलँड शून्य, डेन्मार्क उणे एक. बेलारूस पुढे गेला.

शिक्षकांनी हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा. परंतु गोष्ट तेथेच थांबवू नये. डेन्मार्कविरुद्ध गोल करणाऱ्या कोल्बेन सिग्थॉर्सन यानेच २७ जून २०१६ रोजी नीस येथे इंग्लंडविरुद्ध विजयी गोल केला. आइसलँडने तो सामना २-१ असा जिंकून युरोपीय स्पर्धेची उपान्त्यपूर्व फेरी गाठली. हरलेल्या मुलांना धीराने वाढविले, तर त्यांचे शिक्षण वाया जात नाही.

प्रश्न : आइसलँडने डेन्मार्कवर आणखी एक गोल केला असता, तर कोण पुढे गेले असते? (गोलफरक समान असल्यास अधिक गोल करणारा संघ वरचा ठरतो.)