आकडा तोच, माणसं वेगळी

प्रश्न : लोकसंख्येवरच्या लेखांत ‘अवलंबित्व गुणोत्तर’ हा आकडा सारखा भेटतो. भारतात तो उतरतोय म्हणून आनंद, जपानमध्ये चढतोय म्हणून काळजी. हा आकडा वरखाली होतो कशामुळे? आणि एकदा चढायला लागला की चढतच राहतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हिशेब सोपा आहे. 15 ते 64 वयाची शंभर माणसं धरायची आणि त्यांच्यामागे 15च्या आतली मुलं आणि 65च्या पुढचे वृद्ध मिळून किती, ते मोजायचं. तुम्ही जपानचं नाव काढलंच आहे, तर तिथलंच पाहू. 1950 साली तिथे हा आकडा 67च्या आसपास होता. 2020 साली 68च्या आसपास. सत्तर वर्षांत देश कुठल्या कुठे गेला आणि आकडा जवळपास जागच्या जागी! आत डोकावलं की मात्र चित्र उलटंपालटं झालेलं दिसतं. 1950 मध्ये शंभरांमागे 59 मुलं होती आणि 8 वृद्ध. 2020 मध्ये 20 मुलं आणि 48 वृद्ध.

मधल्या काळात, 1990च्या सुमारास, हाच आकडा 44पर्यंत उतरला होता. तो उतरला कसा, यातच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. युद्ध संपलं, सैनिक घरी परतले, लग्नं झाली, आणि 1947 ते 1949 या तीन वर्षांत दरवर्षी 26-27 लाख मुलं जन्मली. त्यानंतर पाळणा झपाट्याने लांबला. 1948-49च्या कायद्यांनी गर्भपाताची वाट मोकळी केली, संततिनियमन घरोघर पोचलं, आणि बाईमागे साडेचार मुलं होती ती दहाएक वर्षांत दोनवर आली. वारीतली मोठी दिंडी ज्या गावी मुक्कामाला असते तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि मागचं-पुढचं गाव मोकळं असतं. तसंच या पिढीचं झालं. ती कामाच्या वयात आली तेव्हा मागे मुलं कमी होती आणि पुढे म्हातारे थोडे. कमावते हात भरपूर, खाणारी तोंडं मोजकी.

इथे ‘कमावतं वय’ म्हणजे काय, तेही पाहायला हवं. 1950-60च्या दशकांत आओमोरीसारख्या उत्तरेकडच्या गरीब भागातून शाळा नुकती सुटलेल्या पंधरा वर्षांच्या मुलामुलींना घेऊन खास आगगाड्या टोकियोच्या उएनो स्थानकावर येत. कारखानदार आणि दुकानदार त्यांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत. तेव्हा पंधराव्या वर्षी ‘कमावता’ धरणं खोटं नव्हतं. आज तिथला पंधरा वर्षांचा मुलगा बहुधा वर्गात बसलेला असतो, आणि पासष्टी ओलांडलेल्यांपैकी चौथा हिस्सा कामावर असतो. गुणोत्तराच्या लेखी मात्र पहिला पोसणारा आणि दुसरे पोसले जाणारे! हा आकडा वय सांगतो, कमाई सांगत नाही. आपल्याकडे सत्तरीतही औत धरणाऱ्याला त्यात ‘अवलंबित’ म्हणतात, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा.

पुढे 1971 ते 1974 मध्ये त्या मोठ्या पिढीची मुलं जन्मली, वर्षाला साधारण वीस लाख. तिसरी लाट 1990 नंतर यायला हवी होती. ती आलीच नाही. नेमक्या त्याच वेळी अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला, तरुणांना कायमच्या नोकऱ्या मिळेनात, लग्नं लांबली, बरीचशी झालीच नाहीत. 1995 नंतर कामाच्या वयाची माणसं संख्येनेच घटू लागली आणि 2012 पासून ती जुनी मोठी पिढी पासष्टी ओलांडू लागली. लोक जास्त जगतात म्हणून आकडा चढला, असं सरसकट सांगितलं जातं. ते खरं आहे, पण अपुरं. ज्या घटलेल्या जन्मांनी आधी ओझं हलकं केलं, त्यांनीच चाळीस वर्षांनी ते वाढवलं.

म्हणून भारताचा आकडा उतरला याचा आनंद जपूनच करावा. 1960च्या दशकात तो 80च्या आसपास होता, आता 50च्या खाली आहे, तो मुलं कमी झाल्यामुळे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बाईमागे मुलं महाराष्ट्रात 1.7 आणि गोव्यात 1.3 निघाली. उतरणीचा शेवट आपल्याकडे फार लांब नाही.

आता चढतच राहतो का? नाही. मोठ्या पिढ्या काळाच्या पडद्याआड गेल्या की चढण मंदावते. मात्र जन्म कमीच राहिले तर तो पुन्हा खाली न येता उंचावरच रेंगाळतो. जपानच्या सरकारी अंदाजांत 2070 साली तो 90च्या वर आहे.

या चढणीत एक गमतीदार खळगा मात्र येणार आहे. साठ वर्षांतून एकदा येणाऱ्या ‘अग्निअश्व’ वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या जिवावर उठते, असा जपानमध्ये जुना समज. आपल्याकडे मंगळ असलेल्या मुलीबद्दल बोलतात तसलाच प्रकार. 1966 हे ते वर्ष. आदल्या वर्षी 18 लाखांवर मुलं जन्मली होती, त्या वर्षी 13 लाख 60 हजारच, आणि पुढच्या वर्षी पुन्हा 19 लाखांवर. ही मंडळी 2031 साली पासष्टीची होतील. त्या वर्षी नव्या वृद्धांची संख्या एकदम रोडावलेली दिसली, तर त्याचं श्रेय कुठल्या सरकारी योजनेला देऊ नये.