‘चिरफाड नको’ म्हणण्याआधी

वस्तीत धडधाकट माणूस अचानक दगावला की घाई होते ती अंत्यविधीची. “गेला तो गेला, आता चिरफाड कशाला?” असे नातेवाईक म्हणतात. दुःखात हे साहजिक आहे. पण मृत्यूचे कारण कागदावर आले नाही, तर मागे राहिलेल्यांचा हक्क बुडतो.

चौकशी कशी होते?
अपघात, आत्महत्या किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार परिसरातील किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमोर पंचनामा होतो. अंगावरील जखमा, वळ त्यात लिहावे लागतात. म्हणून पंच म्हणून बोलावले तर टाळू नका. वाचल्याशिवाय सही करू नका.

कारणाबद्दल शंका असेल तर शवविच्छेदन होते. विषाचा संशय असल्यास डॉक्टर जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग, म्हणजे व्हिसेरा, राखून प्रयोगशाळेत पाठवतात. तोवर अहवालात ‘मत राखून ठेवले’ असे लिहितात. ते अंतिम कारण नव्हे. पुढचा अहवाल येईपर्यंत पाठपुरावा करा.

दंडाधिकारी कधी येतात?
पोलीस कोठडीतील मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्यांनी करायची असते. शक्य असेल तिथे नातेवाइकांना कळवून चौकशीला हजर राहू द्यावे, असे कलम १९६ सांगते. लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेने आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तरीही दंडाधिकारी चौकशी होते.

गटारातील मृत्यू
मैल्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड वायू साचतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. पण प्रमाण वाढले की नाकाला वास कळेनासा होतो. वास नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नका. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. अशा मृत्यूला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. मात्र ‘चक्कर येऊन पडला’ एवढीच नोंद झाली, तर तो हक्क मिळवणे अवघड होते.

एवढे करा
मृत व्यक्ती कुठे, कोणत्या कामावर, कोणाच्या सांगण्यावरून होती हे जबाबात स्पष्ट सांगा. अकस्मात मृत्यूचा नोंद क्रमांक लिहून घ्या. पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत लेखी अर्ज करून मागा, अर्जाची पोच जपून ठेवा. कारण कळले, तर पुढचा मृत्यू टाळता येतो.